जपानमध्ये स्वतःच्या हाताने काही घडवायचे असेल तर

जपानला गेलेल्या पुष्कळ प्रवाशांना देवळे, किल्ले आणि फुजी पर्वत पाहून झाल्यावर असे वाटते की या देशात नुसते पाहण्यापेक्षा हाताने काही करून पाहावे. कागदाचा एक ताव स्वतः काढावा, निळीच्या कुंडात रुमाल स्वतः बुडवावा, चाकावर मातीचा गोळा स्वतः उभा करावा, ही इच्छा पुरी करणे आज अवघड राहिलेले नाही, कारण देशाच्या जवळजवळ प्रत्येक भागात पाहुण्यांना असे काम करू देणाऱ्या कार्यशाळा आहेत. अडचण वेगळी आहे. जी कला अंगवळणी पडायला कारागिराची दहा-दहा वर्षे जातात, तिच्यातला तास-दीड तासाचा एक तुकडा आपल्या वाट्याला येतो, आणि तो तुकडा कोणता असावा याचा विचार बहुतेक जण करतच नाहीत. परिणामी कारागिराने नव्वद टक्के पूर्ण केलेल्या वस्तूवर शेवटचा हात फिरवून लोक परततात आणि कलेची ओळख मात्र राहून जाते. म्हणून या लेखात मी एका प्रश्नाकडे पुन्हा पुन्हा वळणार आहे: निवडलेल्या कलेतली नेमकी कोणती क्रिया माझ्या हातून होणार आहे?

आधी हातात किती दिवस आहेत ते मोजा

कला आवडीवरून निवडण्याआधी ती वाळायला किती वेळ घेते हे पाहावे, असे मी सुचवेन. या कामांत माणसाचा वेळ थोडा आणि पदार्थाचा वेळ फार जातो: माती सुकते, भट्टी तापते आणि निवते, रोगण घट्ट होते, शाई महिनोन्‌महिने वाळत राहते. प्रवास आठ दिवसांचा असेल तर त्या आठ दिवसांत काय पुरे होऊ शकते, हे आधी समजून घेतले पाहिजे.

काही वस्तू त्याच दिवशी हातात मिळतात. टोक्योतील एदो किरिको ही काच कोरण्याची कला त्यांपैकी एक. तिची सुरुवात १८३४ मध्ये झाली असे मानले जाते. रंगीत थर दिलेला काचेचा पेला पाण्याने भिजत्या, फिरत्या चाकावर वरून दाबायचा असतो, आणि चाक पेल्याच्या खालच्या अंगाला असल्यामुळे आपण कोरत असलेली रेघ पेल्याच्या आतून, काचेतून आरपार पाहावी लागते. पहिली दहा मिनिटे डोळा आणि हात यांचा मेळ बसत नाही. म्हणून सरावाची वेगळी काच देतात का, हे आधी विचारून घ्यावे. हाकोने डोंगरातल्या हाताजुकु गावात योसेगी म्हणजे वेगवेगळ्या नैसर्गिक रंगांच्या लाकडांचे तुकडे जोडून नक्षी साधण्याचे काम चालते, आणि तिथे पाहुण्यांना बहुधा पेल्याखाली ठेवायची चकती जुळवायला देतात. टोक्योहून एका दिवसात जाऊन येता येईल असे हे ठिकाण आहे आणि लहान मुलांनाही ते काम जमते. जपानमध्ये तयार होणारा जवळजवळ सगळा सोन्याचा वर्ख कानाझावातून येतो. तिथे एखाद्या डबीवर किंवा काड्यांवर वर्ख लावता येतो, परंतु सोने मिलिमीटरच्या सुमारे दहा हजाराव्या भागाइतके पातळ होईपर्यंत ठोकण्याचे खरे काम पाहुण्याच्या हाती पडत नाही. हे आधी माहीत असले म्हणजे निराशा होत नाही.

काही वस्तू आपण अर्धवट सोडून येतो आणि कार्यशाळा त्या पुऱ्या करते. मातीची भांडी यांत मोडतात. तिसरा गट असा आहे की एका सहलीत ते काम प्रामाणिकपणे पुरे होऊच शकत नाही. उरुशीचे, म्हणजे एका झाडाच्या चिकापासून होणाऱ्या रोगणाचे, सगळे काम या गटात येते, आणि त्याविषयी पुढे सविस्तर लिहिले आहे.

शहर की कारागिरांचे गाव

जपानने १९७४ मध्ये पारंपरिक हस्तोद्योगांच्या संवर्धनासाठी कायदा केला. वस्तू रोजच्या वापरातली असावी, तिचा मुख्य भाग हाताने घडावा, तंत्र आणि कच्चा माल साधारण १०० वर्षांहून अधिक काळ चालत आलेला असावा आणि एखाद्या प्रदेशात ती बनवणारे पुरेसे लोक असावेत, अशा त्याच्या कसोट्या आहेत. त्यांवर उतरलेल्या कलांची संख्या आज २४० हून अधिक आहे. अशा वस्तूंवर लाल वर्तुळ असलेले एक चिन्ह असते. विकत घेताना ते पाहावे. प्रवासाच्या सुरुवातीलाच टोक्योच्या आकासाका भागातील आओयामा स्क्वेअर या पारंपरिक हस्तकलांच्या दालनात एक फेरी मारली, किंवा क्योटोत ओकाझाकी भागातील हस्तकला संग्रहालयात तिथल्या ७४ कलांचे नमुने पाहिले, तर आपला हात कशाकडे ओढला जातो ते कळते. नोंदणी त्यानंतर करावी.

क्योटो आणि टोक्योतील आसाकुसा येथे इंग्रजीत समजावून सांगणाऱ्या कार्यशाळा पुष्कळ आहेत आणि हातात एकच दुपार असेल तर त्या सोयीच्या आहेत. क्योटोच्या निशिजिन भागात लहान हातमागावर बसून धोटा फेकता येतो. कानाझावात कागा युझेन या कापड रंगवण्याच्या कलेची पाच रंगांची परंपरा रुमालावर उतरवता येते. मात्र दोन दिवस काढता येणार असतील तर माझे मत स्पष्ट आहे: कारागिरांच्या गावी जावे. तिथे कच्चा माल, त्यावरचे अधले-मधले काम आणि तयार वस्तू एका आवारात दिसतात, आणि आपल्या तासाभराच्या कामाच्या मागेपुढे काय होते ते आपोआप उलगडते.

अशा गावांत माझी पहिली पसंती फुकुई प्रांतातील एचिझेनला आहे. मार्च २०२४ मध्ये होकुरिकु शिंकान्सेन ही अतिवेगवान रेल्वे त्सुरुगापर्यंत पोहोचली आणि एचिझेन-ताकेफु हे स्थानक सुरू झाले, त्यामुळे तिथे जाणे पूर्वीपेक्षा सोपे झाले आहे. कागद, सुऱ्या, उरुशीची भांडी आणि मातीची भांडी या चारही परंपरा तिथे एकमेकींपासून फार लांब नाहीत. कागदाच्या वस्तीत तर कागदाच्या देवीचे देऊळ आहे. ओढ्याच्या वरच्या अंगाला एक स्त्री प्रकटली आणि तिने गावकऱ्यांना सांगितले की तुमच्याकडे भातशेतीला जमीन थोडी आहे पण पाणी निर्मळ आहे, तेव्हा कागद करा, अशी तिची कथा आहे. एका इमारतीत जुन्या पद्धतीने काम करणारे कारागीर पाहायचे आणि जवळच्या पापिरस-कान या दुसऱ्या इमारतीत स्वतः ताव काढायचा, अशी सोय तिथे आहे. क्रम हाच ठेवावा. आधी पाहावे, मग करावे.

कागद: तावात काय काय असते

वाशी हा जपानी हातकागद मुख्यतः कोझो या तुतीच्या कुळातल्या झुडपाच्या सालीपासून होतो. फांद्या वाफवायच्या, साल सोलायची, तिचा आतला पांढरा भाग अल्कलीच्या पाण्यात शिजवायचा, वाहत्या पाण्यात एकेक काळा कण बोटांनी वेचून काढायचा आणि मग धागे सुटे होईपर्यंत बडवायचे, इतके सगळे झाल्यावर ते कुंडात पडते. या कुंडात आणखी एक पदार्थ घालतात, त्याला नेरी म्हणतात. भेंडीच्या जातकुळीतल्या तोरोरो-आओई या वनस्पतीच्या मुळांतून तो निघतो, आणि भेंडी चिरताना जी तार सुटते ती ज्याने पाहिली आहे त्याला नेरी म्हणजे काय हे वेगळे सांगायला नको. नेरीचे काम कागद चिकटवण्याचे नसते. तिच्यामुळे धागे तळाशी न बसता पाण्यात तरंगत राहतात आणि चाळणीतून पाणी सावकाश उतरते.

पाहुण्याला बहुधा लहान चौकट देतात. ती कुंडात तिरपी घालून, आडवी करून, सरळ वर उचलायची आणि पाणी निथळू द्यायचे. उचलताना हात जरा अडखळला तर तिथे धाग्यांची गाठ बसते, आणि पाणी उतरले की ती उजेडात ढगासारखी दिसते. यात दुरुस्ती नाही. लगदा कुंडात परत सोडून पुन्हा सुरुवात करता येते, म्हणून दुसरी संधी मागायला संकोचू नये. कारागीर मात्र मोठी चौकट दोन्ही हातांनी धरून पाणी पुन्हा पुन्हा घेतो, पुढे-मागे झुलवतो आणि उरलेले पाणी एका झटक्यात पुढे फेकून देतो. या रीतीला नागाशिझुकी म्हणतात. अशा रीतीने काढलेले ओले ताव तो मध्ये काहीही न घालता एकावर एक रचतो, आणि दाबून पाणी काढल्यावर ते एकेक करून सुटे होतात. हे जवळून पाहणे हाच तिथल्या दिवसाचा सर्वात मोलाचा भाग आहे. नागाशिझुकी करून पाहता येईल का, असे नोंदणीच्या वेळी जरूर विचारावे. काही ठिकाणी अधिक शुल्क आणि अधिक वेळ घेऊन ती करू देतात.

हिवाळ्यात जाणे जमत असेल तर कागदासाठी तो उत्तम काळ. थंड पाण्यात नेरीची तार टिकते आणि लगदा नासत नाही, म्हणून जुन्या काळापासून हे थंडीचे काम आहे. सेकिशू, मिनो आणि होसोकावा या तीन प्रकारच्या वाशीच्या परंपरेची नोंद २०१४ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत झाली. त्यांतली होसोकावाची परंपरा टोक्योला लागून असलेल्या साइतामा प्रांतात असल्यामुळे, एचिझेनपर्यंत जाणे शक्य नसलेल्यांनी तिचा विचार करावा.

नीळ आणि बांधणी

नीळ म्हटल्यावर आपल्याला आपलीच नीळ आठवते. जपानची नीळ वेगळ्या झाडाची आहे. रंगद्रव्य मात्र तेच. शिकोकु बेटावरील तोकुशिमा हा तिचा जुना प्रदेश आहे आणि जवळच्या आइझुमी गावातील नीळ संग्रहालयात रुमाल, पंचा किंवा सुती कपडा रंगवता येतो. तिथे सुकी पाने पाणी मारून, ढीग वरखाली करून साधारण १०० दिवस आंबवतात. या मालाला सुकुमो म्हणतात. मग राखेची निवळी, चुना आणि गव्हाचा कोंडा यांच्या मदतीने कुंड लावतात आणि ते जिवंत असल्यासारखे सांभाळतात. कुंडावर जमणाऱ्या निळ्या फेसाला तिथले लोक ‘निळीचे फूल’ म्हणतात, आणि त्यावरून कुंडाची तब्येत ओळखतात.

आपल्याला करायचे असते ते एवढेच: कापड घडी घालून किंवा रबराने बांधून घ्यायचे, भिजवून पिळायचे, कुंडात मिनिटभर हलकेच चोळायचे आणि बाहेर काढून उलगडायचे. बाहेर येताना कापड हिरवट असते. हवा लागताच ते पाहता पाहता निळे होते, आणि घड्यांच्या आत जिथे हवा पोहोचली नाही तिथे हिरवा थोडा वेळ रेंगाळतो. म्हणून घड्या बोटांनी उघडून हवा द्यावी. एका बुडीने फिकट रंग येतो. गडद हवा असेल तर किती बुड्या मिळतील हे आधी विचारावे. कुंड आंबवलेले आहे की रासायनिक पद्धतीने तयार केलेले, हाही प्रश्न रास्त आहे. दोन्हींतून निळा रंग येतो, परंतु शुल्कातला फरक त्यावरून समजतो. हातमोजे देतात, तरी गडद आणि जुने कपडे घालूनच जावे.

ज्यांना बांधणीचे आकर्षण आहे त्यांनी नागोयाजवळच्या आरिमात्सुला जावे. १६०८ मध्ये तोकाइदो या हमरस्त्यावर वसवलेले हे गाव प्रवाशांना बांधणीचे पंचे विकून मोठे झाले. तिथे बांधण्याचे शंभराहून अधिक प्रकार आहेत. पाहुण्याच्या वाट्याला कापड बांधणे येते, आणि रंगवण्याचे काम पुष्कळदा नंतर कार्यशाळाच करते. बांधताना दोरा एकाच ताणाने फिरवत नेणे किती कठीण आहे, हे पहिल्या पाच गाठींतच कळते.

उरुशी आणि सोनेरी सांधे: इथे सावध राहा

फुटलेले भांडे उरुशीने सांधून त्या रेघेवर सोन्याची पूड देण्याच्या किंत्सुगी या कलेविषयी आज सर्वत्र ओढ आहे. उरुशी म्हणजे एका झाडाचा चीक. हे झाड आंबा, काजू आणि बिब्बा यांच्या कुळातले आहे, आणि ही गोष्ट मराठी वाचकांनी नीट लक्षात ठेवावी अशी आहे. बिब्बा उतल्यावर अंगाचे काय होते हे आपल्या घरांत अजून माहीत आहे. कच्च्या उरुशीनेही तसेच पुरळ, खाज आणि सूज येऊ शकते, आणि कधी ती दोन-तीन दिवसांनी उमटते. ज्यांना कैरीचा चीक, काजूची टरफले किंवा बिब्बा बाधतो त्यांनी खऱ्या उरुशीच्या वर्गाला जाऊ नये. इतरांनीही पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत, हातमोजे काढू नयेत आणि चेहऱ्याला हात लावू नये.

दुसरी गोष्ट वेळेची. उरुशी कोरड्या हवेत वाळत नाही. तिला ऊब आणि दमटपणा लागतो, म्हणून भांडी पाण्याने ओलसर ठेवलेल्या कपाटात ठेवतात. सांधणे, भरणे, घासणे, पुन्हा थर देणे असे करत खऱ्या किंत्सुगीला कित्येक आठवडे, कधी महिने लागतात. त्यामुळे दोन तासांत भांडे हातात देणारा वर्ग कृत्रिम गोंद किंवा पर्यायी रोगण वापरतो. काजूच्या टरफलांच्या तेलापासून केलेले रोगणही जपानमध्ये या कामी वापरतात. त्यात फसवणूक मुळीच नाही, मात्र दोन प्रश्न विचारलेच पाहिजेत: आज कोणता पदार्थ वापरणार, आणि या भांड्यातून खाणे-पिणे चालेल का? उत्तर नाही असे आले तर ते भांडे शोभेसाठीच ठेवावे. खरी उरुशी पाहायची असेल तर काम करण्याचा हट्ट सोडून एखाद्या कारागिराच्या कार्यशाळेला भेट द्यावी.

माती

टोक्योहून माशिको, क्योटोहून शिगाराकी आणि ओकायामाहून बिझेन ही मातीकामाची सोयीची गावे आहेत. माशिकोला कुंभार शोजी हामादा यांनी जगभर ओळख मिळवून दिली. १९५५ मध्ये ‘जिवंत राष्ट्रीय ठेवा’ ठरलेल्या पहिल्या कारागिरांत ते होते. बिझेनची भांडी झिलईविना, दीर्घ काळ भाजलेली असतात.

नखे कापून आणि अंगठ्या काढून जावे. जपानमध्ये चाक बहुधा घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरते, त्यामुळे इकडे विजेच्या चाकावर उलट दिशेने शिकलेल्यांना हातांची जागा बदलावी लागते. पहिल्यांदाच करणाऱ्याने चाकाऐवजी हाताने वळ्या रचून भांडे करावे, असे मला मनापासून वाटते, कारण चाकावर शिक्षकाचेच हात अधिक काम करतात. आकार मोठा ठेवावा. वाळून आणि भाजून माती साधारण १० ते १५ टक्के आकसते, आणि बाजू १२ टक्क्यांनी आकसली तर आत मावणारे पाणी जवळजवळ एक तृतीयांशाने घटते. आमटीसाठी म्हणून मी घडवलेली वाटी दोन महिन्यांनी आली तेव्हा ती लहान झाल्याचे पाहून मी खट्टू झालो होतो. हा हिशेब तेव्हा माहीत असता तर मी ती थोडी मोठी ठेवली असती.

भाजलेले भांडे मिळायला साधारण एक ते दोन महिने लागतात. परदेशी पाठवतात का, खर्च किती आणि वाटेत फुटल्यास काय, हे पैसे देण्यापूर्वी लेखी विचारावे. पुष्कळ ठिकाणी फक्त जपानमधल्या पत्त्यावर पाठवतात. टोक्योच्या निशी-कासाई भागात भारतीय, आणि त्यांत मराठी, कुटुंबांची मोठी वस्ती आहे. कुणी ओळखीचे असेल तर त्यांचा पत्ता आधी विचारून ठेवावा.

नोंदणी आणि तो दिवस

शोधताना कलेच्या आणि गावाच्या नावाबरोबर ‘ताइकेन’ म्हणजे अनुभव हा शब्द जपानी लिपीत टाकावा. इंग्रजी शोधात न दिसणाऱ्या लहान कार्यशाळा त्यातून सापडतात. हातकागदाचे पोस्टकार्ड करण्यासारखा छोटा अनुभव साधारण हजार येनच्या आसपास होतो, मातीकाम किंवा काचकाम काही हजारांत, आणि सुरी घडवण्यासारखे दिवसभराचे काम दहा हजारांच्या पुढे जाते. निदान दोन आठवडे आधी लिहावे. पत्र लहान असावे: तारीख, वेळ, माणसे, मुलांची वये, जपानी किती येते, आणि कोणती क्रिया करायला मिळेल हा आपला प्रश्न. एप्रिल-अखेर ते मे-आरंभाची सुट्टी, ऑगस्टमधला ओबोन हा पितरांचा सण आणि नववर्ष या दिवसांत अनेक कार्यशाळा बंद असतात किंवा गर्दी असते.

अनेक कार्यशाळा नवरा-बायको आणि एखादा शागीर्द एवढ्यांवर चालतात. आपण न कळवता गैरहजर राहिलो तर त्यांनी आपल्यासाठी लावलेले कुंड किंवा मळलेली माती वाया जाते. म्हणून बेत बदलला तर तातडीने कळवावे. दहा मिनिटे आधी पोहोचावे, रोख पैसे जवळ ठेवावेत, जोडे काढावे लागतील म्हणून चांगले मोजे घालावेत. फोटो काढण्यापूर्वी ‘शाशिन ओ तोत्तेमो ईइ देस का’ असे विचारावे. हात कामात असताना फोन बाजूलाच असू द्यावा, आणि शिक्षक एकदा करून दाखवतो तेव्हा त्याच्या बोटांबरोबर खांदे आणि श्वासही पाहावा.

परत आणताना

सुरी चेक-इन सामानातच बांधावी, आणि हॉटेलपर्यंत नेताना ती दुकानाच्या वेष्टनात बंद ठेवावी, कारण सहा सेंटिमीटरहून लांब पाते योग्य कारणाशिवाय जवळ बाळगणे जपानमध्ये गुन्हा आहे. काचेच्या आणि मातीच्या वस्तू केबिनमध्ये घ्याव्यात. निळीचे कापड पहिले काही दिवस वेगळे, थंड पाण्यात धुवावे आणि सावलीत वाळवावे. सोनेरी सांध्याचे किंवा वर्खाचे भांडे मायक्रोवेव्हमध्ये ठेवू नये.

सर्वात जास्त धीर लागतो तो नारातील शाईला. काजळी आणि सरस मळून केलेला ऊन गोळा मुठीत दाबून तिथे शाईची कांडी करू देतात, आणि सरस उन्हाळ्यात नासतो म्हणून हे काम थंडीच्या महिन्यांतच चालते. सरस जनावरांच्या कातड्यापासून निघतो, हे ज्यांना वर्ज्य आहे त्यांनी आधीच लक्षात घ्यावे. कांडी ओलसरच आपल्याकडे देतात. ती दिलेल्या डबीत, वारा आणि ऊन न लागता, सावकाश वाळू द्यायची असते. घाई केली तर चिरते, आणि कोकणातल्या किंवा मुंबईच्या पावसाळ्यात सांभाळली नाही तर बुरशी धरते. काही महिन्यांनी ती उगाळायला तयार होते, तेव्हाही आपल्या चारही बोटांचे ठसे तिच्यावर तसेच असतात.